यादीचा शनिवार

“चपला भाईर! आणि दार हळू लाव. यादी मोडली तर तुझा बा येणार हाय व्हय परत लावायला?”

शाळेचे शिपाई दत्तूमामा संगणक कक्षाच्या दारात स्टूल टाकून बसले होते. त्यांच्या डोक्यावर, दाराच्या कडीला, पाटी लटकत होती : ‘यादी चालू आहे. आत येऊ नये.’

“मामा, मॅडमनीच बोलावलंय,” मुस्कान म्हणाली. “आणि हिचा बा एसटीच्या वर्कशॉपात हाय. गाडी लावंल सुरू करून. यादीचं काय सांगता येत नाही.”

मी तिला कोपरानं ढोसलं. मामांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही देवळात चामड्याचा पट्टा घालून आलोय. मग पाय आखडून घेऊन त्यांनी वाट दिली.

मी तेव्हा नववी ‘ब’मध्ये होते. आता बारावीत आहे, म्हणजे तीन वर्षं झाली. पण त्या शनिवारचं मला विचाराल तर घड्याळाच्या काट्यासकट सांगेन. आत्ता माझी बडबड ऐकून कुणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा मी हजेरीला ‘हजर’ हा शब्दसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायचे. बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि मुस्कान माझ्या वतीनं ओरडायची, “आहे, आहे, चौगुले आहे!”

तर ती यादी. आमच्या मंडळाच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, गडहिंग्लज तालुक्यात आणि आजूबाजूला मिळून सतरा शाळा. सगळ्यात मोठी आमची, म्हणून सर्व्हर आमच्याकडे. प्रत्येक विद्यार्थ्याचं, प्रत्येक शिक्षकाचं त्या सर्व्हरवर खातं. खातं म्हणजे नाव, पासवर्ड, शाळा, वर्ग, आणि ते चालू आहे की बंद. कोण नवीन आलं, कोण शाळा सोडून गेलं, हे मंडळाच्या कार्यालयाला कळावं म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्व्हरवरच्या सगळ्या खात्यांची यादी काढून पाठवायची. ती हातानं नाही काढायची. त्यासाठी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे संगणकाला ओळीओळीनं लिहून दिलेल्या सूचना. सकाळी सातला ती सुरू करायची की दुपारी दोनच्या सुमाराला संपायची. सात तास!

आणि ते सात तास कक्षात सगळं सोवळं. दुसरा संगणक लावायचा नाही, सर्व्हरवर ताण येतो. पंखा लावायचा नाही, व्होल्टेज खाली-वर होतं. चपला घालायच्या नाहीत, का ते कुणालाच माहीत नव्हतं. महिन्यातून एक शनिवार नववी ‘ब’चा संगणकाचा तास बुडायचा आणि आम्ही वर्गात बसून ‘स्वयंअध्ययन’ करायचो. म्हणजे फुली-गोळा खेळायचो.

एक शनिवार गेला तर चालून जायचं हो. पण त्या सकाळी शिक्षकखोलीबाहेरच्या फलकावर नवीन वेळापत्रक लागलेलं मी पाहिलं होतं. अजून पेन्सिलीत होतं. मंडळानं आता महिन्याला नाही, आठवड्यातून दोनदा यादी मागितली होती, बुधवारी आणि शनिवारी. त्यामुळे नववी ‘अ’चा बुधवारचा आणि आमचा शनिवारचा, दोन्ही संगणकाचे तास खोडून तिथे स्वयंअध्ययन आलं होतं. वर्षभरासाठी. आमच्या घरी संगणक नव्हता. आईच्या मोबाइलची काच फुटलेली. आठवड्यातला तो अर्धा तास, तोही एका खुर्चीवर दोघीतिघी बसून, एवढंच काय ते माझं होतं. त्या अर्ध्या तासात मी नुकतंच संगणकाकडून पाढे लिहून घ्यायला शिकले होते. सत्तावीसचा पाढा हजारापर्यंत! मला वाटलं होतं, जग जिंकलं. आणि ते पेन्सिलीनं खोडलं होतं.

वेळापत्रक बेनाडीकर सर करायचे. ते पर्यवेक्षक. पट्टी घेऊन ते एकेक ओळ शाईनं गिरवत, आणि एकदा शाई लागली की मुख्याध्यापकसुद्धा त्यात काही बदलत नसत.

हेरवाडकर मॅडम, म्हणजे आमच्या संगणकाच्या मॅडम, आत वाटच बघत होत्या. त्या त्याच वर्षी लागलेल्या, कंत्राटावर. मोठ्यानं बोलायला माझ्याइतक्याच घाबरायच्या.

“मला दहावीवर सुपरव्हिजनला जायचंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघी इथे बसा. दर दहा मिनिटांनी आकडा किती झाला ते वहीत लिहायचं. स्क्रीन थांबली तर धावत येऊन मला सांगायचं. कशालाही हात लावायचा नाही. काय?”

“मॅडम, आम्हीच का?” मुस्कानला सगळं विचारायचंच असतं.

“तुझं अक्षर चांगलं आहे. आणि संयोगिता गप्प बसते.”

मॅडम गेल्या. काळ्या पडद्यावर पांढरी नावं एकाखाली एक उमटत होती. आठ वाजले होते, आकडा नऊशेच्या पुढे. एकूण खाती सहा हजार एकशे चाळीस.

“पिक्चर मस्त आहे,” मुस्कान म्हणाली. “हीरो कधी येतोय?”

पहिली दहा मिनिटं आम्ही ओळखीची नावं शोधली. पुढची दहा मिनिटं मुस्काननं आडनावांवरून गावं ओळखली. त्यानंतर ती वहीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि मी एकटीच बघत राहिले. बघता बघता माझी बोटं टेबलावर पडायला लागली. मी शाळेच्या लेझीम पथकात होते, पहिल्या रांगेत. ठेका दिसला की हात गप्प राहात नाहीत, त्याला मी काय करू?

एक, दोन, तीन, नाव. एक, दोन, तीन, नाव.

आधी वाटलं, मीच ठरवून वाजवतेय. म्हणून बोटं थांबवली आणि नुसतं मोजलं. पुन्हा तेच. मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरला. नाव यायला चार सेकंद. कधी साडेचार, कधी पाऊण सेकंद कमी. पण तीनच्या आत? एकदाही नाही. ‘उषा’ला तेवढाच वेळ आणि ‘लक्ष्मीनारायण’लाही तेवढाच.

“मुस्कान, ऊठ.”

“थांबली काय गं?” ती दचकून उठली.

“नाही. म्हणजे हो. ऐक. पावसाळ्यात आपण दोन तास सराव केला होता, आठवतंय? शेवटी शेवटी सगळ्यांचे ठेके चुकायला लागले.”

“तुझा नाही चुकला. माझी लेझीम पाटलांच्या दिपालीच्या डोक्यात बसली.”

“तेच! माणूस दमला की ठेका चुकतो. सगळे म्हणतात ना, सर्व्हरला एवढी नावं झेपत नाहीत, त्याला दम लागतो. मग याचा ठेका का चुकत नाही? सकाळी सातपासून चाललाय, आणि मी मोजतेय तेव्हापासून एकदाही तीनच्या खाली नाही, एकदाही गळाठला नाही. हा दमलेला नाहीच. हा मुद्दाम थांबतोय.”

मुस्काननं पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग वीसेक नावं माझ्याबरोबर मोजली.

“अगं बया,” ती हळूच म्हणाली. “आरामात चाललाय की निवांत. रविवारी बाजाराला गेल्यासारखा.”

नऊच्या आधी मॅडम आकडा बघायला आल्या. मी सांगितलं. म्हणजे मुस्काननं सांगायला सुरुवात केली, तिनं सगळं उलटंपालटं सांगितलं, मग मलाच सांगावं लागलं. मॅडमनी शेजारच्या कपाटातून एक फाइल काढली. स्क्रिप्ट कागदावर छापून ठेवलेली होती, चाळीसएक ओळी. सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘यात बदल करू नये’, आणि खाली बेनाडीकर सरांची सही.

“ही सरांनी लिहिलीय?” मी विचारलं.

“नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा ते संगणक शिकवायचे.” मॅडमचं बोट ओळींवरून खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं. स्टार्ट-स्लीप, आणि पुढे तीनचा आकडा.

“म्हणजे काय, मॅडम?”

“म्हणजे…” मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. “म्हणजे तीन सेकंद झोप. प्रत्येक नावानंतर.”

मुस्काननं लगेच वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. सहा हजार एकशे चाळीस गुणिले तीन. भागिले साठ, परत भागिले साठ. “पाच तास सात मिनिटं! मॅडम, सातातले पाच तास नुसता झोपतोय हा! आणि आम्ही पंखा बंद करून बसलोय!”

“ओरडू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “हे बघा, सरांनी घातलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच घातलं असणार.”

“मग काढून बघू या ना.”

“वर काय लिहिलंय ते वाचलंस ना? मी कंत्राटावर आहे गं. उद्या काही बिघडलं तर कुणाचं नाव येईल?”

त्यांचंही खरं होतं. पण फलकावरचं ते पेन्सिलीचं वेळापत्रक माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“मॅडम, नुसतं विचारलं तर? का घातलंय, एवढंच?”

“कोण विचारणार?”

मुस्कान तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणाले, “मी जाते.” माझ्या तोंडून ते कसं निघालं, अजून मला उमगलेलं नाही. मुस्कान तर माझ्याकडे बघतच राहिली.

शिक्षकखोलीत चारपाच जण वह्या तपासत बसले होते. बेनाडीकर सरांनी वेळापत्रक फलकावरून काढून टेबलावर पसरलं होतं. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात शाईचं पेन. पाचवी, सहावी गिरवून झाली होती. सातवी ‘ब’ चालू होती.

“सर, आत येऊ?”

“आलीच आहेस. बोल.” मान वर नाही.

मी वाटेत तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. तिन्ही उडाली.

“सर, यादी तीन सेकंद का झोपते?”

“कोण झोपतं?” कोपऱ्यातून पवार बाईंनी विचारलं, आणि दोघंतिघं हसले. माझे कान तापले. एरवी मी तिथूनच पळाले असते. पण सरांचं पेन थांबलं होतं.

“तुला कुणी सांगितलं, तीन सेकंद?”

“मोजलं, सर. मग मॅडमच्या फाइलीत बघितलं. पण आधी मोजलं.”

“कशावर?”

“टेबलावर. म्हणजे… लेझमीच्या ठेक्यावर.”

आता सगळेच हसले. सर सोडून. “अगं, सर्व्हरला दम नको घ्यायला?” ते म्हणाले. “सहा हजार खाती आहेत. ताण येतो त्याच्यावर.”

“सर, दमलेल्याचा ठेका चुकतो,” मी एका श्वासात म्हणाले. “हा दोन तास चाललाय, आणि मी मोजलं तेवढ्यात याचा एकदाही चुकला नाही. तो दमलेला नाही, सर. त्याला कुणीतरी थांबायला सांगितलंय.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सातवी ‘ब’कडे. पेनाला टोपण लावलं आणि उठले.

कक्षाच्या दारात दत्तूमामा ताडकन उभे राहिले. “सर, चपला…” त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. सरांनी मुकाट्यानं चपला काढल्या. मॅडमनी फाइल पुढे केली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ पाहिली. किती वेळ पाहिली! मागे पडद्यावर चार-पाच नावं पडून गेली.

“दत्तू,” त्यांनी हाक मारली. “आत ये.”

“यादी चालू हाय, सर.”

“असू दे. ये आत. तुला या कक्षाचं उद्घाटन आठवतंय का?”

मामा उंबऱ्यातच घुटमळले. “न आठवायला काय झालं? हितंच, ह्याच भिंतीवर पांढरं धोतार लावून त्येच्यावर नावं पाडली हुती. माझ्या आईला आणलं हुतं मी, पोराचं नाव भिंतीवर येणार म्हणून. आणि तुम्ही बटन दाबलं, तर भुर्रकन सगळी नावं गेली की वर. आई म्हणाली, ‘कुठं हाय रं तुझं नाव?’ कुणालाच घावलं न्हाई आपापलं.”

“मग?”

“मग तुम्ही म्हणाला, थांबा, परत लावतो. आणि दुसऱ्या बारीला नावं कशी सावकाश आली. एकेक. ज्येचं नाव यील त्यो उभा राहून टाळ्या घ्यायचा. माझं नाव आलं तवा आईनं पुढं जाऊन भिंतीला हात लावला.”

सर खुर्चीत बसले. “तीनशे बारा नावं होती त्या दिवशी,” ते म्हणाले. आमच्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. “फक्त आपली शाळा. प्रत्येकाला आपलं नाव वाचता यावं म्हणून तीन सेकंदांचं थांबणं घातलं मी. वीस मिनिटांत आटोपलं. कार्यक्रम संपला की ती ओळ काढायची होती. मग हार, चहा, पाहुणे… राहिली. पुढे एकेक शाळा जोडत गेलो. वीस मिनिटांचा तास झाला, तासाचे सात तास. कुणी विचारलं की मी सांगायचो, सर्व्हरवर ताण येतो.” ते थांबले. “मी खोटं नव्हतो सांगत हं. मी विसरूनच गेलो होतो. आणि सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं.”

मी पडद्याकडे बघत होते. इतका वेळ मला त्या तीन सेकंदांचा राग येत होता. आता रागवायचं तरी कुणावर?

“चला,” सर उठले. “मोडू या यादी.”

“मोडायची?” मामांचा आवाज चिरकला. “सर, दोन हजाराच्या वर गेलीया! परत पहिल्यापासनं लावाय लागंल. मंडळाला दोन वाजता पायजे.”

“ठाऊक आहे मला. काय नाव तुझं?”

“संयोगिता चौगुले.” पहिल्याच फटक्यात ऐकू गेलं त्यांना.

“कंट्रोल दाबून धर आणि सी दाब.”

“मी, सर?”

“मोजलं कुणी?”

मी दाबलं. दोन हजार एकशे चारवर यादी थांबली. इतकी वर्षं जिच्यासाठी सगळी शाळा चवड्यांवर चालत होती, ती थांबली आणि काहीही झालं नाही. दिवा गेला नाही, धूर आला नाही. मामांनी मात्र डोळे मिटले होते.

मॅडमनी स्क्रिप्टची एक प्रत करून त्यातली झोपेची ओळ काढली आणि सुरू केली. नावं भराभर यायला लागली, आणि मी उड्या मारणार तेवढ्यात सरांनी घड्याळ बघून हिशेब केला.

“सेकंदाला एक. म्हणजे पावणेदोन तास. आत्ता साडेनऊ होत आले. सव्वाअकरा होतील. तुमचा तास किती वाजता?”

“दहाला,” मी म्हणाले. पाच तास वाचले होते आणि तरी तास जाणारच होता.

“यादी पहाटे लावली तर?” मुस्काननं विचारलं.

“आठवड्यातून दोनदा पहाटे येऊन कोण लावणार? तुझी अम्मी?”

तेव्हा मॅडम बोलल्या, अगदी हळू. “सर, अजून एक आहे.”

“बोला ना.”

“ही स्क्रिप्ट प्रत्येक नावासाठी सर्व्हरकडे वेगळी जाते. सहा हजार वेळा जाते आणि सहा हजार वेळा परत येते. आणि प्रत्येक खेपेला त्या माणसाचं असेल नसेल ते सगळं घेऊन येते, पत्ता, फोन, फोटोसुद्धा. आपल्याला त्यातल्या चारच गोष्टी लागतात. मग फाइल उघडते, एक ओळ लिहिते, बंद करते. पुन्हा उघडते.”

“म्हणजे चिमूटभर मीठ पाहिजे म्हणून अख्खं किराणा दुकान घरी आणायचं,” मुस्कान म्हणाली, “आणि परत नेऊन ठेवायचं. प्रत्येक भाजीला!”

“तसंच. एकदाच जाऊन सगळ्यांच्या फक्त चार गोष्टी मागायच्या, आणि फाइल एकदाच लिहायची. पहिल्या दिवसापासून मला दिसत होतं, सर.”

“मग बोलला का नाहीत?”

मॅडमनी फाइलीतल्या सगळ्यात वरच्या ओळीकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

“हेरवाडकर,” सर म्हणाले, “मी त्या वेळी संगणक दोन महिन्यांच्या शिबिरात शिकलो होतो. तुम्ही पदवी घेतलीय. बसा. करा.”

आणि मग आमच्या मॅडमना मी पहिल्यांदा बघितलं! ओढणी खांद्यावर टाकून त्या बसल्या आणि त्यांची बोटं अशी चालली की मला ठेका धरता येईना. चाळीस ओळींच्या नऊ झाल्या. पावणेदहा वाजले होते. “लावू?” त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली.

पडद्यावर काहीच येईना. नावं नाहीत, आकडा नाही, नुसता काळा पडदा. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याला चिकटले. दहा, वीस, तीस, चाळीस.

“मोडली,” दारातून दत्तूमामा म्हणाले.

“झाली,” मॅडम म्हणाल्या. “एक्केचाळीस सेकंद.”

मुस्काननं किंकाळी फोडली. मॅडमनी घाईनं फाइल उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. एकूण ओळी सहा हजार एकशे चाळीस, आणि प्रत्येक ओळीत नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं, वरपासून खालपर्यंत.

“ही यादी आहे की प्रश्नपत्रिका?” सर म्हणाले.

“सॉरी सर, सॉरी. नावं मराठीत आहेत. फाइलीत मराठी अक्षरं कशी ठेवायची, ते सांगायचं राहिलं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ते होतं, मी नवीन लिहिताना सोडलं.” मॅडमनी घाईनं ती फाइल बंद केली. “मी जुनीच परत लावू का, सर? लावते जुनी.”

“मॅडम, नको!” हे मी म्हणाले. सरांच्या पुढ्यात, मॅडमना. “एकच गोष्ट राहिलीय ना? ती घाला की. एक्केचाळीस सेकंद तर लागतात. दहा वेळा चुकलं तरी सात मिनिटंसुद्धा होत नाहीत!”

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “बरोबर बोलतेय ती. सात तास लागायचे तेव्हा चुकायची भीती होती. आता कसली भीती? चुका बिनधास्त.”

मॅडमनी एक शब्द घातला. पुन्हा लावली. या वेळी सदतीस सेकंद. फाइल उघडली, आणि सगळी नावं! काना-मात्रा-वेलांट्यांसकट, सतरा शाळांची. पण सर गणिताचे शिक्षक. त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. जनरल रजिस्टर मागवलं आणि कुठलंही पान उघडून नाव विचारायला लागले. मुस्कान यादीत शोधून मोठ्यानं वाचायची, शाळा, वर्ग, खातं चालू की बंद. वीस नावं तपासली. दाखला घेऊन कागलला गेलेली एक मुलगी निघाली, तिचं खातं बंद आहे म्हणून यादीत बरोबर लागलेलं होतं. मग सरांनी गेल्या महिन्याची यादी काढून आकडे ताडून पाहिले.

“पाठवा मंडळाला,” ते शेवटी म्हणाले. “दोन वाजता पाहिजे होती. दहाला मिळाली म्हणून चक्कर येईल तिकडे कुणालातरी.”

दहाला चार मिनिटं कमी होती. सर चपला घालून निघाले. मी त्यांच्या मागे मागे शिक्षकखोलीपर्यंत गेले. काही विचारायला नाही, नुसतीच. वेळापत्रक टेबलावर तसंच पडलं होतं. सरांनी खोडरबर घेतला, नववी ‘ब’च्या शनिवारचं स्वयंअध्ययन पुसलं, मग नववी ‘अ’च्या बुधवारचं. पट्टी लावली. पेनाचं टोपण काढलं आणि सातवी, आठवी तशीच सोडून, आधी या दोन चौकटींत शाईनं ‘संगणक’ लिहिलं.

“आता उभी का?” ते म्हणाले. “तास सुरू होईल तुझा.”

मी पळाले. वर्गाच्या दारातूनच ओरडले, “नववी ‘ब’, संगणक!” कुणाला खरंच वाटेना. एक तर पहिला शनिवार, त्यात ओरडतेय कोण, तर चौगुले! मग जी काय झुंबड उडाली! चोपन्न जणी व्हरांड्यातून धावत सुटल्या. मी वर्गात विसरलेल्या दोघींना गोळा करून आणेपर्यंत पंखे गरगरत होते, बावीसच्या बावीस संगणक लागले होते आणि मॅडम फळ्यावर मोठमोठ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होत्या, कलकलाटाच्या वर आवाज चढवून सांगत होत्या. एकेका खुर्चीवर तिघी. मला बसायला बोटभर जागा नव्हती.

“ए मुस्कान, सरक की.”

“कुठं सरकू? भिंतीत?” ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. “उशिरा आलीस तर असंच व्हणार. पुढच्या शनिवारी लवकर ये.”

ती सहज बोलून गेली. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि अख्खा तास पुढच्या शनिवारी काय काय करायचं ते ठरवत राहिले.